घडीचा मीडियम फॉरमॅट प्रेस कॅमेरा आणि लेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना घडीचा प्रेस कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, कारण एका उत्तरातून दुसऱ्या उत्तराकडे जावं लागेल. घाईत असाल तर निदान ४, ५ आणि ९ वाचा.

१. प्रेस कॅमेरा म्हणजे नेमकं काय? साधा फील्ड कॅमेरा आणि हा यात फरक काय?

बंद असताना ती एक पेटी असते. समोरचं झाकण खाली उघडलं की तेच बेड होतं. बेडवर रूळ, रुळांवर स्टँडर्ड (लेन्स धरणारी उभी चौकट), आणि स्टँडर्ड व पेटी यांच्यामध्ये बेलोज, म्हणजे घड्यांचा भाता. मागे ग्राउंड ग्लास, म्हणजे चित्र दिसणारी घासलेली काच असते, तिच्या जागी फिल्मचा होल्डर बसतो. इथपर्यंत फील्ड कॅमेराही असाच. फरक हा की प्रेस कॅमेरा हातात धरून वापरायचा म्हणून बनवला: बाजूला पट्टा, रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस करायचं साधन), डोळ्याला लावायचा फाइंडर किंवा तारेची चौकट. अमेरिकेतल्या रोचेस्टरचा स्पीड ग्राफिक १९१२ मध्ये आला. १९४५ मध्ये छायाचित्रकार जो रोझेन्थाल यांनी जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारतानाचा फोटो काढला, तो स्पीड ग्राफिकनेच, पण ४×५ इंची. त्याच घराण्यातले २¼×३¼ इंची धाकटे भाऊ हा आपला विषय. लोक त्यांना ‘टू बाय थ्री’ म्हणतात. आज त्यांच्यामागे १२० रोल फिल्मचा होल्डर लावला जातो.

२. मला बेलोजवाला, घडी होणारा कॅमेराच हवा आहे. मग प्लॉबेल मकिना किंवा फुजी का नको?

लेन्स बदलायची नसेल तर तेच घ्या, खरंच. प्लॉबेल मकिना ६७ ला ८० मिमी एफ/२.८ निकॉर आहे, फुजी जीएफ६७० ला ८० मिमी एफ/३.५. दोन्हींत मीटर आहे, फोकस झटपट होतो, आणि डार्क स्लाइड (फिल्मपुढची सरकती झाकणपट्टी) विसरण्याची भानगड नाही. प्रेस कॅमेरा त्यांच्यापेक्षा जड आणि संथ असतो.

तो घ्यावा तीन कारणांसाठी: लेन्स बदलता येतात, काचेवर चित्र बघून फोकस करता येतो, आणि बेलोज लांब असल्याने जवळचे फोटो काढता येतात. यातलं एकही कारण तुम्हाला लागू नसेल, तर केवळ दिसायला देखणा आहे म्हणून तो घेऊ नका. सहा महिन्यांत कपाटात जाईल.

३. ६×६, ६×७ की ६×९?

ही चौकटीची सेंटिमीटरमधली मापं. कॅमेरा एकच राहतो, होल्डर बदलतो. १२० च्या एका रोलवर ६×९ चे ८, ६×७ चे १० आणि ६×६ चे १२ फोटो येतात. ६×९ ची प्रत्यक्ष चौकट साधारण ५६×८४ मिमी, म्हणजे कर्ण १०१ मिमीच्या आसपास. ६×७ चा कर्ण ९० मिमीच्या जवळ. लेन्सचा हिशेब या कर्णावरच चालतो. ६×९ वर १०५ मिमी लेन्स ३५ मिमी कॅमेऱ्यावरच्या ४५ मिमीसारखी दिसते, ६५ मिमी ही २८ मिमीसारखी आणि १८० मिमी ही ७७ मिमीसारखी.

माझी पसंती ६×७ ला. दोन फोटो जास्त मिळतात, जुन्या लेन्सचे अस्पष्ट कोपरे चौकटीबाहेर राहतात, आणि फिल्मही जरा अधिक सपाट बसते (प्रश्न १०).

४. कोणकोणते कॅमेरे यात येतात? कुठून सुरुवात करू?

कॅमेऱ्यापासून सुरुवात करूच नका. तुम्हाला सर्वांत रुंद कोणती लेन्स हवी आहे, ते आधी ठरवा. लांब लेन्सचं कसंही जमवता येतं, नॉर्मल लेन्स प्रत्येकावर चालते. रुंद लेन्स मात्र बॉडीच्या मापावर अडते, आणि बॉडीचं माप घरी बसून बदलता येत नाही.

आता नावं. ग्राफ्लेक्सचा सेंच्युरी ग्राफिक १९४९ पासूनचा. त्याची बॉडी प्लॅस्टिकची, वजनाला हलकी, आणि त्यात पडद्याचं शटर नाही. क्राउन ग्राफिक तसाच, पण लाकडी. स्पीड ग्राफिकमध्ये फिल्मच्या पुढ्यात पडद्याचं शटर असतं (प्रश्न ५). या तिघांचे सुटे भाग आणि लेन्सबोर्ड (लेन्स बसवायच्या पाट्या) सर्वांत सहज मिळतात. बॅक, म्हणजे मागची चौकट, फिरत नाही, त्यामुळे उभ्या फोटोसाठी अख्खा कॅमेरा आडवा करावा लागतो. ट्रायपॉडवर याचा वैताग येतो.

बुश प्रेसमनचं छोटं मॉडेल धातूचं आणि मजबूत आहे, पण मागे स्प्रिंग बॅक असते, आणि ती का अडचणीची ते प्रश्न ९ मध्ये आहे.

हॉर्समनची ९७०, ९८०, ९८५, व्हीएच आणि व्हीएच-आर ही मालिका जपानी. मूव्हमेंट्स (लेन्स सरकवण्या-झुकवण्याच्या सोयी) भरपूर, टॉपकॉर लेन्स चांगल्या, आणि ८०×८० मिमीचे लेन्सबोर्ड स्वतः कापून घेता येतात. व्हीएचला रेंजफाइंडर नाही, व्हीएच-आरला आहे. एवढ्या एका अक्षराचा फरक जाहिरातीत अनेकदा गाळला जातो, तेव्हा फोटोत रेंजफाइंडरची खिडकी दिसते का ते बघा.

लिनहॉफ टेक्निका ६×९ ही सर्वांत काटेकोर बनावटीची आणि सर्वांत जड. तिच्याबरोबर मूळ लेन्स आणि त्यांचे कॅम (रेंजफाइंडर त्या लेन्सशी जुळवणारे भाग) मिळत असतील तरच तिचा विचार करा. नुसती बॉडी घेऊन नंतर लेन्स जमवत बसणं हा महागडा मार्ग आहे.

मामिया प्रेस आणि युनिव्हर्सल यांचं नाव नेहमी निघतं. कॅमेरे छान आहेत, पण त्यांची घडी होत नाही, म्हणून या पानावर ते नाहीत.

५. स्पीड ग्राफिक घेऊ की सेंच्युरी? स्पीडमध्ये १/१००० सेकंद आहे ना?

आहे. पण त्याची किंमत बॉडीच्या जाडीत मोजावी लागते. पडद्याच्या शटरमुळे लेन्स फिल्मच्या फार जवळ नेता येत नाही. टू बाय थ्री स्पीडमध्ये लेन्सबोर्ड साधारण ६ सेंटिमीटरच्या आसपास अडतो, सेंच्युरीत त्याच्या जवळपास निम्म्या अंतरापर्यंत आत जातो. म्हणजे ६५ मिमी लेन्स सेंच्युरीवर निवांत बसते, स्पीडवर अगदी काठावर, आणि त्याहून रुंद लेन्स स्पीडवर विसराच.

स्पीडचा खरा फायदा १/१००० हा नाही. शटर नसलेली लेन्स तिच्यावर चालते, हा आहे. जुन्या प्रोजेक्टरच्या, हवाई कॅमेऱ्यांच्या किंवा छपाईच्या लेन्स, ज्यांना स्वतःचं शटर नाही, त्या बोर्डवर बसवा आणि पडद्याने फोटो काढा. असले प्रयोग करायचे असतील तर स्पीडच घ्या, दुसरा पर्याय नाही. नाहीतर सेंच्युरी.

स्पीड घेतलात तर एक सवय लावावी लागेल. लेन्सचं शटर वापरायचं असेल तेव्हा मागचा पडदा पूर्ण उघडा ठेवायचा. तो बंद राहिला तर अख्खा रोल कोरा निघतो, आणि फोटो काढताना काहीच वेगळं जाणवत नाही. शिवाय जुन्या पडद्यांचं रबर कडक होऊन बारीक भोकं पडतात. टॉर्चने तपासा (प्रश्न ११).

६. पहिली लेन्स कोणती घ्यावी?

१०० ते १०५ मिमी, चार भिंगांची टेसर पद्धतीची, चालू शटरमध्ये. कोडॅकची १०१ मिमी एफ/४.५ एक्टार, ग्राफ्लेक्सच्या नावाने वोलेनसॅकने बनवलेली १०१ मिमी एफ/४.५ ऑप्टार, हॉर्समनवर १०५ मिमी टॉपकॉर. एफ/११ ला यांच्यातला फरक शोधायला भिंग लागेल. १०३ मिमी एफ/४.५ ग्राफ्टार आणि ट्रायोप्टार या तीन भिंगांच्या आहेत. उघड्या अपर्चरला कडा मऊ येतात, एफ/१६ ला ठीक. सेंच्युरीवर कधीकधी ८० मिमी एफ/२.८ झेनोटार लावलेली सापडते. ती उत्तम आहे, पण ६×९ च्या कोपऱ्यांवर तिच्याकडून फार अपेक्षा नको, ६×७ वर वापरा.

एक्टारचं वय काढायची मजेशीर सोय आहे. तिच्या नंबराच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात. सी-ए-एम-ई-आर-ओ-एस-आय-टी-वाय या दहा अक्षरांना क्रमाने १ ते ९ आणि शेवटी ० समजा. ‘ईओ’ म्हणजे ४ आणि ६, लेन्स १९४६ ची.

७. वाइड लेन्स कोणती? बेड फोटोत येतो का?

शिनायडरची ६५ मिमी एफ/६.८ अँग्युलॉन छोटी आहे, ६×९ झाकते, आणि काही बॉड्यांत लावलेली असतानाच झाकण बंद होतं. एफ/१६ ते एफ/२२ वर वापरा. त्याआधी कोपरे धरत नाहीत. ६५ मिमी एफ/८ सुपर अँग्युलॉन मोठी आणि जड, पण कोपऱ्यापर्यंत स्वच्छ, आणि तिच्या चित्राच्या वर्तुळात लेन्स वर-खाली करायला जागा उरते. काचेवरचं चित्र दोन्हींत अंधुक असतं, डोक्यावर काळं कापड घ्यावंच लागतं.

बेडचं म्हणाल तर हो, उभ्या फोटोत हमखास येतो. त्यासाठीच बेड एक खाच खाली पाडता येतो. पण बेड पाडला की लेन्सही खाली झुकते, म्हणून स्टँडर्ड मागे झुकवून सरळ करावा लागतो आणि थोडा वर उचलावा लागतो. हे पहिल्यांदा घरीच करून पाहा. काचेच्या खालच्या नव्हे, वरच्या कडेला बेड शोधा, कारण काचेवर चित्र उलटं असतं.

८. लांब लेन्स किती मिमीपर्यंत चालेल? माझा बेलोज पुरेल का?

साधी १५० मिमी लेन्स अनंतावर असताना फिल्मपासून साधारण १५० मिमी दूर असते. दीड मीटरवरच्या माणसावर फोकस करताना ती १६७ मिमीवर जाते. १८० मिमीची असेल तर तेवढ्याच अंतरासाठी सुमारे २०५ मिमी लागतात. कॅमेऱ्याचा बेलोज पूर्ण ओढून पट्टीने मोजा, आणि लेन्सच्या फोकल लेंग्थपेक्षा निदान एक पंचमांश जास्त हवा एवढं धरा.

बेलोज कमी पडत असेल तर टेलिफोटो रचनेची लेन्स शोधा, उदाहरणार्थ १८० मिमी एफ/५.५ टेलि-झेनार किंवा टेलि-आर्टन. तिला फोकल लेंग्थपेक्षा बराच कमी बेलोज लागतो. तोटा असा की लेन्स तिरकी करताना चित्र भलतीकडेच सरकतं. पोर्ट्रेटला त्याने काही बिघडत नाही.

९. मला मिळणाऱ्या कॅमेऱ्यावर रोल होल्डर बसत नाही म्हणतात. का?

कारण त्याची बॅक. जुन्या स्प्रिंग बॅकमध्ये ग्राउंड ग्लास तशीच राहते आणि तिच्याखाली शीट फिल्मचा पातळ होल्डर सरकतो. रोल होल्डर जाड, तो तिथे जाणार कसा? ग्राफ्लॉक बॅक १९४९ ची. तिच्यात काचेची चौकट अख्खी निघते आणि रोल होल्डर दोन सरकत्या पट्ट्यांनी घट्ट धरला जातो. विकत घेण्यापूर्वी मागचा फोटो मागवा आणि वर-खाली त्या दोन पट्ट्या दिसतात का बघा. या एका गोष्टीवर मी कॅमेरा नाकारेन, बाकी कितीही छान असला तरी.

ग्राफ्लेक्स आणि हॉर्समनचे या मापाचे होल्डर साधारणपणे एकमेकांच्या कॅमेऱ्यांवर बसतात, तरी बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरी मेख म्हणजे तेच नाव असलेले होल्डर ४×५ च्या कॅमेऱ्यासाठीही बनले आहेत. ‘आरएच-१०’ एवढं वाचून घेऊ नका, बाहेरच्या चौकटीचं माप विचारा.

स्प्रिंग बॅकवाला कॅमेरा आधीच घरात असेल तर प्रश्न १५ बघा.

१०. फिल्म ओढायला गोल बटण असलेला होल्डर घ्यावा की लिव्हरचा? माझ्या फोटोंच्या एका बाजूला फोकस जातो.

लिव्हरचा. ग्राफ्लेक्सच्या नंतरच्या लिव्हर होल्डरांत चौकटीच्या कडांना बारीक रूळ आहेत, त्यांच्यावर फिल्म ताणून बसते.

पण एका बाजूचा फोकस जाण्याचं कारण बहुधा तुमच्या सवयीत आहे. अशा होल्डरांत फिल्म रिळावरून निघून उलट्या बाजूला वळते. कॅमेरा रात्रभर तसाच राहिला की त्या वळणाचा बाक फिल्ममध्ये मुरतो, आणि पुढच्या वेळी फिल्म ओढली की तो बाक बरोबर चौकटीत येतो. उपाय फुकटचा आहे: फोटो काढल्यावर लगेच फिल्म पुढे ओढू नका. पुढचा फोटो काढायच्या क्षणी ओढा. मग ‘ओढली की नाही’ हे विसरायला होतं, कारण शटर आणि होल्डर यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. त्यासाठी डार्क स्लाइड उपयोगी पडते. फोटो झाला की स्लाइड आत. स्लाइड बाहेर काढण्याआधी फिल्म ओढायची. क्रम कधीच बदलायचा नाही.

११. जुना कॅमेरा हातात आला की काय काय तपासावं?

अंधाऱ्या खोलीत बेलोज पूर्ण ओढा, आत टॉर्च घाला आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघा. भोकं पडतात ती कोपऱ्यांतच. एक-दोन असतील तर काळ्या लवचिक रंगाने बुजतात, कोपऱ्यांची रांगच चमकत असेल तर नवा बेलोज लागेल.

शटरचा १ सेकंद आणि १/२ सेकंद कानाने ऐका. घरघर मध्येच अडखळली तर आतलं तेल चिकट झालं आहे. साफ करून घेता येतं. लेन्समधून टॉर्च तिरका मारा: धुरकटपणा बऱ्याचदा पुसला जातो, बुरशीने काच खाल्ली असेल तर नाही. कडेला साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसले तर दोन भिंगांमधला डिंक सुटतोय. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांची मात्र फार धास्ती घेऊ नका, त्यांनी उन्हासमोर चित्र जरा फिकं पडेल इतकंच.

बेड उघडून स्टँडर्ड पुढे-मागे हलवून बघा. खुळखुळत असेल तर कितीही भारी लेन्स लावा, एक बाजू मऊच येणार.

१२. रेंजफाइंडर सगळ्या लेन्सना चालतो का?

टू बाय थ्री ग्राफिकवरचा कॅलार्ट रेंजफाइंडर एका वेळी एकाच फोकल लेंग्थसाठी जुळवलेला असतो. दुसरी लेन्स लावली की काचेवर फोकस करायचा. हॉर्समनमध्ये फोकल लेंग्थनुसार कॅम बदलता येतात. लिनहॉफचे कॅम एकेका लेन्ससाठी वेगळे घासलेले असतात, म्हणून कॅमवरचा आकडा आणि लेन्सचा नंबर जुळतो का ते बघा.

व्यवहारात हातात धरून नॉर्मल लेन्स, आणि बाकी सगळ्या ट्रायपॉडवर, असंच बहुतेकांचं चालतं.

१३. जवळच्या फोटोत एक्स्पोजर कमी का पडतं?

लेन्स फिल्मपासून दूर गेली की प्रकाश पसरतो. १०५ मिमी लेन्स १५० मिमीपर्यंत ओढली की एक स्टॉप (दुप्पट प्रकाश) वाढवा, २१० मिमीपर्यंत ओढली की दोन. तेव्हा वस्तू फिल्मवर खऱ्या आकाराची येते. मधल्या अंतरांसाठी लांबीला फोकल लेंग्थने भागा आणि उत्तराचा वर्ग करा, तेवढ्या पट प्रकाश हवा.

१४. लेन्सचं शटर बिघडलं. दुसऱ्या शटरमध्ये भिंगं घालता येतील का?

शटर त्याच मापाचं असेल आणि आधुनिक प्रमाणित माप असेल तर येतील. उदाहरणार्थ कॉपल शटरांत कॉपल ० ला बोर्डात ३४.६ मिमी भोक लागतं, कॉपल १ ला ४१.६ मिमी. भिंगं बसली तरी अपर्चरचे आकडे त्या लेन्सचे राहत नाहीत, पट्टी नवी करावी लागते. जुन्या सुपरमॅटिक किंवा ग्राफेक्स शटरमधली भिंगं दुसरीकडे घालायचा खटाटोप करू नका. पुढच्या-मागच्या भिंगांतलं अंतर थोडंही बदललं तर लेन्स बिघडते. त्यापेक्षा शटर दुरुस्त करा.

फ्लॅशबद्दल याच ओघात: शटरवर एम आणि एक्स अशी खूण असेल तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला एक्स. एम ही जुन्या जळत्या बल्बांसाठी आहे. तिच्यावर फ्लॅश पडतो तेव्हा शटर उघडलेलंच नसतं.

१५. स्प्रिंग बॅकमध्ये ‘अ‍ॅडॅप्ट-अ-रोल’ चालतो म्हणतात. घेऊ का?

तो रोल फिल्मचा पातळ होल्डर आहे, काचेखाली सरकतो, म्हणून चालतो. पण तो ६२० रिळांसाठी बनला. ६२० ची फिल्म १२० चीच, रीळ तेवढं बारीक. कोडॅकने ६२० बनवणं १९९५ मध्ये थांबवलं, तेव्हा जुनी रिकामी ६२० रिळं जपून ठेवावी लागतील आणि गरजेनुसार अंधारात फिल्म त्यांच्यावर गुंडाळून घ्यावी लागेल. कॅमेरा आधीच घरात असेल तर ठीक. नव्याने घेत असाल तर ग्राफ्लॉकच शोधा.

१६. रेंजफाइंडर एक सांगतो, काच दुसरंच सांगते. खरं कोण?

दोघंही चुकत असू शकतात. खरी फक्त फिल्म. टेबलावर एक पट्टी तिरकी ठेवा, मधल्या आकड्यावर काचेवरून भिंग लावून फोकस करा आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक फोटो काढा. फिल्मवर तोच आकडा तीक्ष्ण आला तर काच बरोबर, मग रेंजफाइंडर काचेशी जुळवून घ्या. दुसरा आकडा तीक्ष्ण आला तर काच आणि फिल्म एका पातळीत नाहीत. बहुधा कोणीतरी काच उलटी बसवलेली असते. घासलेली बाजू लेन्सकडे हवी. तशीच असेल तर काचेखाली कोणी कागदाच्या पट्ट्या घातल्यात का, किंवा फ्रेनेल भिंग (काचेवरचं चित्र उजळ करणारं) काढून टाकलंय का ते बघा. आणि दुसरा होल्डर लावून हीच परीक्षा पुन्हा करा, कारण कधीकधी काच निर्दोष असते आणि होल्डरची दाबपट्टीच वाकलेली असते.